उलट्या वृंदावनाच्या चोळ्या

आमच्या घरात तेव्हा एकच कातर होती आणि तिला हात लावायचा हक्क एकट्या आबांना होता. मंठ्याच्या बाजारगल्लीत आमचं शिंपीकाम चालायचं. पुढं दुकान, मागं घर. आबा, म्हणजे माझे वडील, कापड कापायचे आणि मोठं शिवण करायचे. माय, म्हणजे माझी आई, आतल्या खोलीत बसून काजं करायची, तुरपाई करायची, बटनं लावायची. काम संपलं की आबा कातर गादीशेजारी ठेवत, मूठ स्वतःकडे आणि पातं उंबऱ्याकडे. कातर हातातून हातात दिली तर भांडण होतं, असं आमच्याकडं मानत. द्यायचीच झाली तर जमिनीवर ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. आबांनी ती जमिनीवरूनही कधी कुणाला दिली नव्हती.

निजामाचं राज्य होतं. तहसीलीतले पेशकार, कारकून शेरवानी घालत आणि आबांच्या हातच्या शेरवानीचं नाव पार जालन्यापर्यंत गेलेलं. त्यामुळं बायकांच्या शिवणाला ते जरा नाक मुरडत. खणाची चोळी कापायला त्यांना पान चघळण्याइतका वेळ पुरे. मायला मात्र चोळीचंच वेड. आबांनी टाकून दिलेल्या चिंध्या ती जपून ठेवायची, माझ्या बाहुलीच्या चोळ्या शिवायची, आणि त्या चोळ्या, खरं सांगते, दुकानातल्या चोळ्यांपेक्षा बसायला चांगल्या असत. पण त्या चिंध्या तिला विळीवर धरून कापाव्या लागायच्या, त्याचा मला भारी राग यायचा. मी नऊ वर्षांची होते आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग तेव्हाही होता, आताही आहे.

"एकडाव मला कापू द्या," माय म्हणायची.

"अगं, कापलेलं कापड पुन्हा सांधत न्हाई," आबा म्हणायचे. "तुझे टाके बराबर असतात. तेच कर."

हे बोलणं आमच्याकडं सणावाराला ठरल्यासारखं व्हायचं आणि तिथंच संपायचं.

मग गावच्या पाटलांच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा हैदराबादेत सरकारी कचेरीत होता. माणसं मूळची मराठीच, पण दोन पिढ्या तिकडं राहिलेली. लग्नाला दोन महिने असताना मुलाच्या आईचा निरोप आला, की मुलीच्या चोळ्या आम्ही हैदराबादहून शिवून आणू, तिकडचं गावठी शिवण नको. निरोप आणणाऱ्यानं तो गोड करून सांगितला म्हणे, पण पाटलीणबाईंना जे ऐकू यायचं ते आलंच. त्या दुसऱ्या दिवशी स्वतः आमच्या दुकानी आल्या. पाटलीणबाई दुकानी येणं म्हणजे गल्लीतल्या बायकांनी दारं किलकिली करायची गोष्ट होती.

"माझी लेक दुसऱ्याच्या चोळ्या घालून सासरी जाणार न्हाई," त्या आबांना म्हणाल्या. "सात चोळ्या पाह्यजेत. पण अशा, की हैदराबादेत कुणाच्या बापानं पाहिल्या नसतील."

आबांनी मान हलवली, मिशीवरून हात फिरवला आणि खणांचे रंग सांगायला सुरुवात केली. डाळिंबी, जांभळा, हळदी. पाटलीणबाई कंटाळल्या. "रंग तिकडंबी हायेत," त्या म्हणाल्या आणि उन्हानं घामेजलेलं कपाळ पुसायला त्यांनी हात वर केला. पदर सरकला. त्यांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं, हिरवट निळं, बारीक ठिपक्यांचं.

आतल्या दाराशी माय उभी होती. ती कधी गिऱ्हाइकासमोर बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"बाई, हे तुमच्या हातावरचं मी बाहीवर काढू का? असं हैदराबादेत कुठून असंल?"

आबांना बायकोनं मधे बोललेलं आवडलं नव्हतं, ते त्यांच्या मानेवर दिसत होतं. पाटलीणबाईंनी आधी स्वतःच्या हाताकडं पाहिलं, मग मायकडं, आणि एकदम हसल्या. "काढ," त्या म्हणाल्या. "सात बायांचे सात हात धुंड आणि काढ."

त्या गेल्यावर आबा बराच वेळ कापडाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "पाटलांच्या घरचं काम हाय. नाक कापलं गेलं तर माझं जाईल."

"मंग एक करा," माय म्हणाली. ती एवढी धीट झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते. "सातही चोळ्या लग्नघरी पास झाल्या, तर कातर मला द्यायची. माझी मी कापीन."

"आन् एकबी परत आली तर?"

"तर पुन्हा तोंडातून कातरीचं नाव काढणार न्हाई. बिलकुल."

आबा म्हणाले, "चालतंय." मी तिथंच उभी होते, म्हणून सांगते, नंतर त्यांना असलं काही आठवत नसे.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे. दुपारी जेवणं झाली की माय जुन्या पातळाचे धुवट तुकडे आणि कोळसा घ्यायची, मला बरोबर घ्यायची आणि आम्ही हात शोधायला निघायचो. कुंभारणीच्या हातावर मोर होता. तेलिणीच्या हातावर फणी. आमच्या शेजारणीच्या हातावर विंचू होता, आणि तो तिच्यासारखाच दिसतो असं मी मोठ्यानं म्हणाले म्हणून मला धपाटा बसला. बाया आधी लाजायच्या. "माझ्या मेल्या हातात काय बघतीस," म्हणायच्या. मग हात पुढं करायच्या आणि बोलायला लागायच्या. हे माहेरी गोंदलं, सुई टोचली तेव्हा मी आज्जीचा पदर फाडला, गोंदणारी परतूरहून आल्ती. एकीनं तर हात दाखवता दाखवता मावसबहिणीच्या भांडणापर्यंत मजल मारली आणि माय तिचं कमळ अर्ध्यात सोडून उठली, म्हणजे उरलेलं भांडण ऐकायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येईल.

माय ज्या बाईचा हात पाहायची तिच्या शेजारी बसायची, समोर नाही. बाई हात आपल्यापुढं धरायची आणि माय तिच्या खांद्याशी डोकं लावून तिच्याच नजरेनं ते चित्र उतरवायची. आमच्या भागात गोंदणारी बाई जे गोंदते ते जिचा हात तिला सरळ दिसावं असं गोंदते. वृंदावनाचा पाया कोपराकडं, तुळस मनगटाकडं. हात पुढं धरला की तुळस तिच्यासमोर उभी राहते. गोंदण जिचं तिच्या सोबतीला असतं, मेल्यावरही तेवढंच बरोबर येतं म्हणतात, मग दुसऱ्याला ते कसं दिसतं याच्याशी कुणाला काय घेणं?

हे सगळं मी आत्ता इतकं समजावून सांगते आहे, कारण पुढं घोटाळा याच्यातच झाला.

आबांनी सात खण कापून दिले. रंगारणीकडून मायनं गोंदणाच्या रंगाचा दोरा करून घेतला. तीनदा तिनं तो परत केला, हिरवा जास्त, निळा जास्त म्हणून. मग कशिदा सुरू झाला. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसायची, गुडघ्यावर बाही पसरायची आणि ठिपक्याला ठिपका लावायची. एका बाहीवर पाटलीणबाईंचं वृंदावन, दुसऱ्या बाहीवर तेच. जांभळ्यावर मोर, हळदीवर विंचू. मी सुया ओवून द्यायची आणि लुडबूड करायची. शेवटी मायनंच बाह्या जोडल्या. आबांनी चोळ्या उजेडात धरल्या, टाक्यांवरून बोट फिरवलं, आतली शिवण उलगडून पाहिली. "बराबर हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्यानं ढोल वाजवल्यासारखं होतं. माय त्या दिवशी भाकऱ्या थापताना गुणगुणत होती.

आता, नवरीच्या नव्या चोळीचं माप जुन्या चोळीवरून घ्यायचं. हळद लागल्याशिवाय नवी चोळी अंगात घालून बघायची नाही, हा रिवाज. त्यामुळं त्या सातांपैकी एकही चोळी कुणाच्या अंगावर चढली नव्हती. आम्ही त्या गुडघ्यावर पाहिल्या, दोरीवर पाहिल्या, परातीत घडी घालून पाहिल्या. हळदीच्या दिवशी रुखवतात त्या मांडल्या तेव्हा बायकांची ही गर्दी. ज्यांचे हात होते त्या सातही जणी परातीजवळून हलेनात. "हा माझा मोर," कुंभारीण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "सरका, माझी फणी बघू द्या," तेलीण म्हणत होती. मायला कुणी पाणी दिलं, कुणी विडा दिला. ती नुसती हसत होती.

दुपारी वऱ्हाडातल्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. पुढं मुलाची आई. पातळ साधंच होतं पण अंगात लेस लावलेलं, मशीनवर शिवलेलं पोलकं, आणि चालणं असं की आपण सगळ्यांनी आपोआप भिंतीला चिकटावं. हळद लागली, नवरीचं न्हाणं झालं, आणि पाटलीणबाईंनी मोठ्या तोऱ्यात डाळिंबी चोळी, वृंदावनाची, लेकीच्या अंगात घातली. नवरी उभी राहिली. हात खाली सोडून.

दोन्ही बाह्यांवर तुळस डोक्यावर उभी होती.

पाया वर खांद्याशी, तुळस खाली कोपराकडं. खोलीत आधी कुणाला नीट उमगलं नाही. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, तुळस खाली मुंडी वर पाय करून राह्यली!" आणि हशा झाला. हसण्यात वाईट काही नव्हतं, लग्नघर होतं, बायका कशालाही हसतात. पण मुलाची आई पण हसली. "हैदराबादला आमच्या दर्जीनं अशी चोळी शिवली असती तर त्याची काही खैर नव्हती," ती म्हणाली.

मायचा चेहरा मी पाहिला. तिनं घाईनं स्वतःचा हात पुढं धरला, मग खाली सोडला, पुन्हा पुढं धरला. तिला तेव्हा कळलं. दोन महिने ती प्रत्येक बाईच्या नजरेतून बघत राहिली आणि चोळी लोकांना दिसते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शेरवानीच्या गुंड्या डोळे मिटून मोजणाऱ्या आबांच्याही ध्यानात आलं नव्हतं, पण ते त्या खोलीत नव्हते, म्हणून चूक एकट्या मायची ठरली.

पाटलीणबाई लालबुंद झाल्या होत्या. "शिंपीणबाई," त्या म्हणाल्या, "सातच्या सात परत घेऊन जा. बाह्या फिरवून आण. जल्दी."

"बाही फिरत न्हाई बाई," माय कसंबसं बोलली. "खांद्याला रुंद असती, कोपराला निमुळती."

"मंग परत घेऊन तर जा! तिकडं गेल्या न्हाईत म्हणजे झालं."

एक परत आली तरी कातरीचं बोलणं संपत होतं, इथं सातही निघाल्या होत्या. मला रडू फुटलं. मी त्या लेसवाल्या बाईकडं असं काही रागानं पाहत होते, की कुणाचं लक्ष असतं तर मला बाहेर काढलं असतं. माय खाली मान घालून पेटीकडं वळली. उरलेल्या सहा चोळ्या तेवढ्यात रुखवतातून काढून नवरीच्या पेटीत भरल्या होत्या. ती पेटीपाशी पोचायच्या आत नवरी चालत आली आणि झाकणावर बसली. हळदीनं पिवळी, केस ओले, नवीकोरी चोळी अंगात, आणि पेटीवर मांडी घालून बसलेली.

"एकबी चोळी जायची न्हाई," ती म्हणाली.

"ऊठ," तिची आई म्हणाली.

"न्हाई उठणार. मला सरळ दिसून राह्यलंय." तिनं हात पुढं केला आणि बाहीकडं पाहिलं. "हे बघ. तुझ्या हातावरचं हाय. पाया माझ्याकडं, तुळस समोर. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून मी ते असंच बघायची." तिनं दुसरी बाहीही पुढं केली. "तिकडं हैदराबादेत माझ्या ओळखीचं कोण हाय? पोळ्या लाटताना हात पुढं केला की तू दिसशील. कुंभारकाकू दिसंल, तेलीणकाकू दिसंल. दुसऱ्यांना उलटं दिसू द्या. दुसऱ्यांसाठी न्हाईच ते."

मी तिला आधी फार मानत नसे. पाटलांची लाडावलेली लेक, एवढंच. त्या क्षणी मला वाटलं, हिच्यासाठी मी जन्मभर सुया ओवीन. पाटलीणबाईंनी लेकीचा हात धरला, बाहीवरचं वृंदावन पाहिलं, मग त्याला लावून स्वतःचा हात धरला, आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागल्या. मग तेलीण रडली, कुंभारीण रडली, आणि मघाशी हसणारी म्हातारी सगळ्यांत मोठ्यानं रडली. मुलाची आई मधे उभी. तिनं नवरीला हळदीकुंकू लावलं आणि चटकन निघून गेली.

लग्न त्याच संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लागलं. नवरीच्या अंगात तीच चोळी होती. मायनं मला घट्ट धरून ठेवलं होतं आणि आम्ही मांडवाच्या मागच्या खांबाशी उभ्या होतो, म्हणजे कुणी काही बोललं तर पटकन निघता यावं. आबा पुरुषांत बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते जमिनीकडं बघत होते. अंतरपाट दूर झाला. नवरदेव ताडमाड उंच. त्याच्या गळ्यात माळ घालायला नवरीला दोन्ही हात डोक्याच्याही वर न्यावे लागले, आणि हात वर जाताच दोन्ही तुळशी सगळ्या मांडवासमोर सरळ उभ्या राहिल्या.

"अगं बाई!" मुलाची आई म्हणाली. ते मागच्या खांबापर्यंत ऐकू आलं.

जेवणं चालली होती तेव्हा तिनं मायला बोलावणं पाठवलं. माय जाईना, मीच तिला ओढत नेली. बाईसाहेब पाटावर बसल्या होत्या, हातात पान. त्यांनी मायला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मला एक शिवून द्या," त्या म्हणाल्या. "मोराची. पण माझी सरळ काढा. आमच्याकडं चार बायका जमतात, त्यांना दिसली पाहिजे." हे बोलताना त्या जराही लाजल्या नाहीत, म्हणून मी त्यांना माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात परतूर स्टेशनाकडं निघाली. गाडीच्या मागच्या बाजूला ती पेटी बांधलेली होती, सातव्या चोळीसकट. गाडी दिसेनाशी होईपर्यंत सातही जणी वेशीपाशी उभ्या होत्या. घरी आलो. मायनं भांडी घासायला घेतली. कातरीचा विषय ती काढणार नव्हती. परत न्या म्हटलं गेलं, तेच तिच्या लेखी परत आल्यासारखं होतं. मी तोंड उघडायला गेले की ती डोळे वटारायची.

आबांनी दुकान उघडलं. सतरंजी झटकली. मोराच्या चोळीचा जांभळा खण काढला आणि सतरंजीवर पसरला, सुरकुत्या हातानं दाबल्या. मग हाक मारली, "ऐकलं का? इकडं ये."

माय हात पदराला पुसत दारात आली. आबांनी कातर उचलली, जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडं सरकवली. मूठ मायकडं होती आणि पातं आबांकडं.

"विहीणबाईंनी सरळ मागितलीय," ते म्हणाले. "उलटं-सुलटं तुला जास्त कळतं. काप."

"एकबी परत आली तर, म्हणला होतात," माय म्हणाली.

"कुठं आली?" आबा म्हणाले आणि उठून उंबऱ्यात जाऊन उभे राहिले, जणू रस्त्यावर कुणाची वाट बघत असावेत.

माय बसली. तिनं कातर उचलली, बोटं मुठीत घातली, दोनदा काढून पुन्हा घातली. मला म्हणाली, हे टोक धर. मी धरलं. तिनं खण डोळ्यांपाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा वाकली. मग मान वर केली.

"जरा बाजूला व्हा," ती आबांना म्हणाली. "उजेड अडवून राह्यले तुमी."

आबा बाजूला झाले.